एसी क्लास, ३० मुलं, १ गाळा : माणशी हवा किती, पंखा कुठे, फिल्टर कोणता?

मोजपट्टी | रवि, सकाळी १०:१५

पावसाळा तोंडावर आलाय. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर थंडीत नसतो, तो जुलै ते सप्टेंबरात असतो. नेमक्या त्याच महिन्यांत क्लासवाले दारं लावून एसी सुरू करतात. दादर, डोंबिवली, मिरारोड कुठेही बघा, गाळा साधारण असाच असतो : २० बाय १५ फूट, उंची १० फूट, पुढे काचेचं दार, मागे संडासाकडे जाणारं दार. दीड टनाचे दोन स्प्लिट एसी. ३० मुलं, १ शिक्षक, दीड तासाची बॅच, संध्याकाळी चार बॅचेस पाठोपाठ.

आकारमान ३००० घनफूट, म्हणजे ८५ घनमीटर. बसून ऐकणारा माणूस सेकंदाला साधारण ०.००५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३१ जणांचा झाला ०.१५५ लिटर. दारं बंद असली तर या खोलीत तो मिनिटाला ११० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ११० भाग) चढतो. बाहेर ४३० धरा. वीस मिनिटांत अडीच हजार होतात, पहिलं उदाहरण फळ्यावर संपत असतं तेव्हा. नाकातून निघणाऱ्या ताज्या श्वासात ३८ हजारांच्या आसपास पीपीएम असतो. म्हणजे अडीच हजारांवर दर अठरा श्वासांतला एक श्वास वर्गातल्याच कुणाच्या तरी छातीतून आलेला असतो. गोवर, फ्लू, कोविड, सगळे याच वाटेने जातात.

या गाळ्यासाठी आकड्यांसकट उपाय मांडूया. खिडक्या उघडा, एवढंच सांगायचं असेल तर नको. या गाळ्याला खिडकीच नाही.

दरडोई | रवि, सकाळी ११:०२

आधी एक गैरसमज काढून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. "तासाला पाच वेळा हवा बदलली की झालं" हा सल्ला सगळीकडे फिरतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने मे २०२३ मध्ये दिला होता, ऑफिसं आणि घरं डोळ्यांसमोर असतील तर ठीकही आहे. पण तुमच्या गाळ्यात पाच वेळा म्हणजे तासाला ४२५ घनमीटर, सेकंदाला ११८ लिटर. भागिले ३१ केलं की माणशी ३.८ लिटर. त्याच खोलीत चार माणसं बसली असती तर माणशी २९ लिटर मिळाली असती. पाच वेळा दोन्हीकडे तेच, आणि धोका जमीन-अस्मानाचा.

आपल्याकडे गर्दी दाट, खोल्या लहान. इथे हिशेब खोलीवर नाही, डोक्यांवर करायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत घर आणि दवाखाना सोडून इतर जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर दिलंय. अ‍ॅशरेच्या (अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांची संस्था) २०२३ च्या मानक २४१ मध्ये वर्गासाठी माणशी २० लिटर आहे, पण ते "समतुल्य स्वच्छ हवा" या मापात, म्हणजे बाहेरची हवा अधिक फिल्टरमधून निघालेली हवा. त्याच मानकात ऑफिसला १५, हॉटेलला ३० आणि जिमला ४० आहे. जितकं बोलणं आणि धापा जास्त, तितका आकडा मोठा.

तुमच्या गाळ्याला १० च्या हिशेबाने सेकंदाला ३१० लिटर लागतील, २० च्या हिशेबाने ६२०.

निळी_छत्री | रवि, सकाळी ११:३०

एसीच्या रिमोटवर "फ्रेश" नावाचं बटण असतं, त्याने काही हवा येते का?

फोरमन_काका | रवि, दुपारी १२:१०

नाही. स्प्लिट एसीचा आतला आणि बाहेरचा डबा यांच्यात फक्त तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाण्याचा पाईप असतो. हवा जायची-यायची वाटच नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, परत फेकतो. "फ्रेश", "आयन", "व्हायरस शील्ड" ही बटणं दाबली तरी बाहेरचा एक थेंब वारा आत येणार नाही. जुन्या विंडो एसीला निदान "व्हेंट"चा खटका असतो, तो ओढला की चिमूटभर हवा बदलते. चिमूटभरच.

आतली प्लास्टिकची जाळी धूळ आणि केस अडवते, दोन मायक्रॉनचा कण तिच्यातून मजेत जातो. काही जण उत्साहाने त्या जाळीवर दाट फिल्टर कापड चिकटवतात. ते करू नका. कॉइलवरून जाणारी हवा कमी होते, कॉइलवर बर्फ धरतो, मग बर्फ वितळून भिंतीवरून पाणी गळतं. आणि मेकॅनिक येऊन गॅस भरायला सांगतो.

तिसरी_मंझिल_नाही | रवि, दुपारी १:४५

ग्वांगझूचं हॉटेल हे यातलं गाजलेलं उदाहरण आहे. २४ जानेवारी २०२०, तीन शेजारी टेबलं, तीन कुटुंबं, एकूण १० जण आजारी. त्यांच्यावर भिंतीवरचा एकच एसी हवा गोल-गोल फिरवत होता आणि एक्झॉस्ट पंखे बंद होते. नंतर मोजलं तेव्हा बाहेरची हवा माणशी सेकंदाला एक लिटरच्या आसपास निघाली. दुसऱ्या एसीच्या झोतातली टेबलं वाचली, वेटर वाचले. त्यांनी सहा फुटांचं अंतर पाळलं होतं म्हणून नव्हे, ते त्या भोवऱ्यात तासभर बसले नव्हते म्हणून.

दुसरं त्याहून जुनं : १९७७, अलास्का. विमान इंजिन बिघडून तीन तास उभं, वायुवीजन बंद, आत फ्लूचा एक रुग्ण. तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी. ही माहिती १९७९ पासून छापील आहे, तरी २०२० मध्ये आपण भाजी सॅनिटायझरने पुसत होतो.

फोरमन_काका | रवि, दुपारी ३:२०

आता एक्झॉस्टकडे येतो. तीन गोष्टी चुकतात आणि त्याच तीन प्रत्येक साइटवर चुकतात.

पहिली, आत येणारी वाट. पंखा हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच आत आली पाहिजे. सेकंदाला १५० लिटर, म्हणजे तासाला ५४० घनमीटर, आणायची तर सेकंदाला मीटरभर वेगाने ०.१५ चौरस मीटर मोकळी जागा लागते. काचेच्या दाराखालची इंचभर फट म्हणजे ०.०२३ चौरस मीटर, सहावा हिस्साही नाही. पंखा फिरत राहील, आवाज करेल, हवा हलणार नाही. दाराच्या वरची काच काढून ३ फूट बाय १ फुटाचं लूवर (तिरप्या पट्ट्यांची झडप) बसवा. पट्ट्या आणि जाळी वजा जाता निम्मं मोकळं राहतं, ते जमून जातं. मच्छरजाळी असेल तर महिन्यातून एकदा ब्रशने धुवा. मुंबईच्या धुळीत ती गाळणी कधी होते कळत नाही.

दुसरी, जागा. पंखा आणि लूवर समोरासमोरच्या भिंतींवर हवेत. दाराशेजारी पंखा लावला की दारातून आलेली हवा दोन फूट जाऊन तशीच बाहेर पडते, मागच्या बाकांना काही मिळत नाही. उदबत्ती पेटवून मागच्या बाकाशी धरा. धूर पंख्याकडे सरळ सरकला तर बरं, जागेवरच घिरट्या घालत राहिला तर तो कोपरा मेलेला आहे.

तिसरी, डब्यावरचा आकडा. तो मोकळ्या हवेतला असतो. पुढे पडदी, मागे जाळी, त्यात समोरून वारा, म्हणजे निम्मा धरा. ५४० हवे असतील तर हजार-अकराशे लिहिलेला १२ इंची पंखा घ्या, मिनिटाला ९०० फेऱ्यांचा. १४०० फेऱ्यांचा घेतलात तर शिक्षकाला ओरडून शिकवावं लागेल. लोहार चाळीत दोन्ही मिळतात, दुकानदार बहुतेक वेळा १४०० चाच पुढे करतो.

शिवडीकर | रवि, दुपारी ४:०५

मागचा पंखा संडासाच्या डक्टमध्ये उघडत असेल तर जपून. आपल्या इमारतींत तो डक्ट वरच्या सगळ्या मजल्यांच्या न्हाणीघरांना सामायिक असतो. तुम्ही फेकलेली हवा तिसऱ्या मजल्याच्या झरोक्यातून आत जाते. हाँगकाँगच्या अ‍ॅमॉय गार्डन्समध्ये २००३ साली सार्स असाच पसरला, ३०० हून जास्त रहिवासी. तिथे न्हाणीघराचे एक्झॉस्ट पंखे सुकलेल्या ट्रॅपमधून (वास अडवायला पाणी धरून ठेवणारं पाईपचं वळण) गटाराची हवा वर ओढत होते.

म्हणजे दुसरी काळजी हीच : गाळ्यात एक्झॉस्ट लावला की आत दाब कमी होतो आणि नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलं असेल तर तिथून हवा येते. आठवड्यातून दोनदा त्यात तांब्याभर पाणी ओता. डक्टऐवजी मागची गल्ली असेल तर तिकडे फेका, माणसांच्या डोक्यांहून वर.

मोजपट्टी | रवि, दुपारी ४:३०

मग सगळे ३१० लिटर बाहेरूनच का नको? १५० वर का थांबलात?

फोरमन_काका | रवि, दुपारी ५:१५

कारण मुंबईची हवा गरम आहे त्याहून जास्त ओली आहे. बाहेर ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता, आत २६ अंश आणि ५५ टक्के. या दोन हवांमध्ये किलोमागे साधारण ३० किलोज्यूलचा फरक आहे, त्यातला मोठा वाटा पाण्याच्या वाफेचा. सेकंदाला ३१० लिटर म्हणजे ०.३६ किलो हवा. गुणाकार केला की १० ते ११ किलोवॅट, म्हणजे तीन टन. तुमचे दोन्ही एसी नुसती आलेली हवा सुकवण्यातच खर्ची पडतील.

१५० लिटरला दीड टन. ३१ माणसांच्या अंगाची उष्णता एक टन. दिवे, भिंती, प्रोजेक्टर अर्धा. बेरीज तीन टन, आणि तुमच्याकडे तीनच आहेत. म्हणून १५०. यापेक्षा जास्त आणलीत तर चौथ्या बॅचला भिंतींना ओल आणि छताला बुरशी.

ऊर्जा वाचवणारं व्हेंटिलेटर मिळतं, जाणाऱ्या गार हवेकडून येणाऱ्या हवेला गारवा देणारं. नव्याने फॉल्स सीलिंग करणाऱ्यांनी जरूर विचारावं. चालू गाळ्यात डक्ट टाकायचा खर्च परवडत नाही.

दरडोई | रवि, संध्या. ६:००

बरोबर. १५० लिटरला कार्बन डायऑक्साइडचा मीटर १४५० पीपीएमच्या आसपास स्थिरावेल. म्हणजे माणशी ५ लिटर ताजी, उरलेली फिल्टरने. फिल्टर विषाणू काढतो, कार्बन डायऑक्साइड काढत नाही, त्यामुळे मीटर खाली येणार नाही. नंतर "फिल्टर लावला तरी आकडा तोच" अशी तक्रार घेऊन येऊ नका.

जुगाडू_इंजिनिअर | रवि, रात्री ८:४०

फिल्टरचा डबा घरी बनवता येतो. मूळ कल्पना २०२० ची, रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांची : चार फिल्टर, वर पंखा. त्यांच्याकडचा चौकोनी बॉक्स फॅन आपल्या बाजारात सहज नाही, म्हणून मुंबईकरांची आवृत्ती देतो.

एसी डक्टिंगचं काम करणाऱ्यांकडे मिळणारे २ फूट बाय २ फूट, २ इंच जाडीचे, घड्यांचे फिल्टर घ्या, मर्व्ह-१३ किंवा एफ-७ वर्गाचे (किती बारीक कण अडतात याची ही प्रतवारी). चार. पुठ्ठ्याची चौकट घेऊ नका, जुलैत ती पापडासारखी मऊ होते. जीआय किंवा अ‍ॅल्युमिनियमची सांगा. खाली २ बाय २ चा प्लाय, वर ६ मिमीचा प्लाय, त्याला मधोमध गोल भोक, त्यावर १२ इंची एक्झॉस्ट पंखा. हवा वर फेकली जाईल असा बसवायचा. फिल्टरच्या कडेला बाण असतो, तो आतल्या बाजूला. एक जरी उलटा बसला तर घड्यांना टेकू चुकीच्या बाजूने मिळतो आणि महिन्याभरात तो फुगतो.

सांधे अ‍ॅल्युमिनियम फॉइल टेपने. खाकी पॅकिंग टेप या दमटपणात आठवड्यात सुटते, आणि हवा नेहमी सोपी वाट धरते : एक सांधा सुटला की फिल्टरऐवजी तिथूनच जाईल. बाहेरून प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती फिरवा. धूर आत ओढला गेला की तिथे फट. पंख्यावर बारीक जाळी हवीच, पोरं बोटं घालतात.

चार फिल्टर का, एक का नाही? या पंख्यांना दाब सोसत नाही. एका फिल्टरमधून सगळी हवा ओढली तर घड्यांवर वेग सेकंदाला पाऊण मीटर, चारांत वाटली तर ०.२ च्या आत. वेग कमी तर अडथळा कमी, आणि गाळण चांगलं, आवाजही कमी.

निळी_छत्री | रवि, रात्री ९:०५

याचा खरा आकडा किती येतो? कंपनीच्या प्युरिफायरवर सीएडीआर (तासाला किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) छापलेला असतो, याच्यावर कुठे?

जुगाडू_इंजिनिअर | रवि, रात्री ९:५०

मोजायचा. वाऱ्याचा वेग मोजणारं, हातातलं पंख्याचं अ‍ॅनिमोमीटर घ्या. पंख्याच्या तोंडावर नऊ ठिकाणी, तीन ओळी तीन रांगा, वेग घ्या. मधोमध जवळजवळ शून्य येईल, तिथे मोटर आहे. कडेला सर्वांत जास्त. लोक फक्त कडेला मोजून खूश होतात. नऊंची सरासरी काढा. ३० सेंमी व्यासाचं तोंड म्हणजे ०.०७ चौरस मीटर. सरासरी ४ मीटर आली तर तासाला हजार घनमीटर. रेग्युलेटरवर आवाज सोसेल इतका कमी केला की अडीच मीटर, म्हणजे सहाशे-साडेसहाशे.

आता गाळण. मर्व्ह-१३ ची अट अशी की ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान ५० टक्के कण अडले पाहिजेत, १ ते ३ मायक्रॉनचे ८५ टक्के. श्वासातले कण दोन्ही टप्प्यांत येतात, ७० टक्के धरा. ६३६ चे ७० टक्के म्हणजे ४४५ घनमीटर, सेकंदाला १२४ लिटर. दोन डब्यांचे २४८.

कंपासपेटी | रवि, रात्री १०:२०

दोन फुटी दोन डबे ठेवायचे कुठे? १५ फूट रुंदीत मधली वाट सोडून बाकं बसवली की पाय ठेवायला जागा नसते.

जुगाडू_इंजिनिअर | रवि, रात्री १०:४५

एक शिक्षकाच्या टेबलाजवळ, एक मागच्या कोपऱ्यात, पण भिंतीला चिकटवून नाही. चारही बाजूंनी फूटभर जागा हवी, नाहीतर चारांतले दोन फिल्टर शोभेचे. एवढी जागा नसेल तर चपटा प्रकार करा : दोन फिल्टर समोरासमोर उभे, मध्ये सहा इंच पोकळी, अरुंद बाजूला कॉम्प्युटरचे १२० मिमीचे सहा पंखे, १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर. वीसेक वॅटच्या आत चालतो आणि आवाज जवळपास नाही. हवा मोठ्या डब्यापेक्षा बरीच कमी निघते, त्यामुळे असे दोन-तीन लागतात.

वातकुक्कुट | सोम, सकाळी ८:१०

तयार प्युरिफायर घेणाऱ्यांसाठी : खोक्यावरच्या "५०० चौरस फुटांसाठी" वगैरेकडे ढुंकूनही बघू नका. तो आकडा चारजणांच्या दिवाणखान्याचा. घनमीटर प्रति तासातला सीएडीआर बघा, आणि तो सर्वांत वरच्या वेगाचा असतो हे लक्षात ठेवा. त्या वेगावर वर्गात कुणी चालवत नाही. "स्लीप" मोडवर बऱ्याचदा तिसरा हिस्साही उरत नाही. दुप्पट क्षमतेचा घ्या आणि मधल्या वेगावर ठेवा.

आयनायझर असेल तर त्याचं बटण बंद. ओझोन सोडणारं यंत्र माणसांच्या खोलीत नकोच. जांभळी उघडी यूव्ही ट्यूब तर अजिबात नको, २५४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ करतो आणि कातडी भाजतो. छताजवळ पट्ट्यांच्या आड बसवलेली यूव्ही योजना खरंच चालते, पण ती मोजणारा माणूस लागतो. क्लासच्या मालकाने ऑनलाइन मागवून स्वतः लावायची वस्तू नाही.

तिसरी_मंझिल_नाही | सोम, सकाळी ९:३०

यूव्हीवरून : १९३० च्या दशकात विल्यम वेल्सने मांडलं की खोकल्याचे लहान थेंब जमिनीवर पोचायच्या आधी सुकतात आणि हवेत राहतात. मग फिलाडेल्फियाजवळच्या शाळांच्या वर्गांत छताशी यूव्ही लावून गोवर कमी होतो का ते पाहिलं. पुढे बाल्टिमोरच्या इस्पितळात क्षयरोग्यांच्या खोलीतली हवा वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांना दिली आणि ती आजारी पडली. तरी "५ मायक्रॉनच्या वरचा थेंब लगेच खाली पडतो" हे पुस्तकांत राहिलं. ५ हा आकडा क्षयाचा जंतू फुप्फुसात खोल पोचायला लागणाऱ्या कणाचा, पडण्याचा नव्हे. ५ मायक्रॉनचा कण दीड मीटर उतरायला अर्धा तास घेतो, तोही हवा स्थिर असेल तर. १ मायक्रॉनचा बारा तास. पाच सेकंदांत पडतो तो १०० मायक्रॉनचा.

कंपासपेटी | सोम, सकाळी १०:०५

म्हणजे बाकांमधल्या प्लास्टिकच्या पारदर्शक पडद्यांचा उपयोग?

तिसरी_मंझिल_नाही | सोम, सकाळी १०:१२

शिंकेचा तोंडावर उडणारा फवारा अडतो. बाकी ते हवेचा प्रवाह तोडतात आणि प्रत्येक बाकाभोवती साचलेला डबा तयार करतात. काढून टाका.

दरडोई | सोम, सकाळी ११:४०

फुकटातला एक उपाय कुणी बोललं नाही : शिक्षकाचा आवाज. जितकं मोठ्याने बोलाल तितके कण जास्त. वर्गात दीड तास सलग बोलणारा एकच माणूस असतो आणि तोच दिवसभर चारही बॅचेसना भेटतो. कॉलर माइक आणि लहान स्पीकर लावा. अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅलीच्या गायकवृंदात १० मार्च २०२० ला अडीच तासांच्या तालमीत ६१ पैकी ५३ जणांना लागण झाली किंवा झाल्याचा दाट संशय होता. पाढे आणि सूत्रं एका सुरात मोठ्याने म्हणून घेणारे क्लासेस आपल्याकडे आहेत, त्यांनी हे जरा वाचावं.

मोजपट्टी | सोम, दुपारी १:००

मीटरबद्दल माझ्याकडून भर. बाजारात हजार-बाराशेला मिळणारे बरेच मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. आत वासाचा सेन्सर असतो आणि त्यावरून आकडा अंदाजे काढतात. ओळखायची युक्ती : हातावर सॅनिटायझर घेऊन मीटरजवळ न्या. आकडा एकदम हजार-दोन हजारांनी उडाला तर नकली. अवरक्त प्रकाशाने वायू मोजणाऱ्या खऱ्या एनडीआयआर किंवा फोटोअकूस्टिक सेन्सरला अल्कोहोलने फारसं काही होत नाही. मग गच्चीवर वीस मिनिटं ठेवा, ४०० ते ४७० च्या दरम्यान यायला हवा.

बरेच मीटर दर आठवड्यातला सर्वांत कमी आकडा म्हणजे "बाहेरची हवा" असं समजून स्वतःला जुळवून घेतात. रात्रंदिवस बंद राहणाऱ्या खोलीत ठेवला तर ७०० लाच ४०० म्हणायला लागतो. आठवड्यातून एकदा बाहेर न्या. वर्गात लावताना बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, कुणाच्याही तोंडापासून मीटरभर लांब, एसीच्या झोतात नाही आणि लूवरशेजारीही नाही.

आता खरा उपयोग. बॅच सुटली, सगळे बाहेर, पंखे चालूच. मीटर आत ठेवून फोनवर आकडे बघा, आत थांबू नका, तुमचाही श्वास मोजला जाईल. समजा २००० वरून सुरुवात, बाहेर ४३०. जादा आहे १५७०. हा जादा ३७ टक्क्यांवर, म्हणजे ५८० वर यायला किती मिनिटं लागली? मीटरवर तो आकडा १०१०. वीस मिनिटं लागली तर तासाला तीन वेळा हवा बदलते. आपल्या गाळ्यात १५० लिटर खरंच बाहेर जात असतील तर साडेनऊ मिनिटं लागायला हवीत. तेरा-चौदा लागली तर पंखा ठेकेदाराच्या कागदावरच १५० देतोय.

शिवडीकर | सोम, दुपारी ३:३०

मास्कबद्दल थोडक्यात. भारतीय मानक आयएस ९४७३, एफएफपी-२ छापलेला घ्या. डोक्यामागून दोन पट्ट्यांचा, कानात अडकवायचा नाही. कानाचा मास्क गालांवर फटी सोडतो. दोन्ही हातांनी झाकून जोरात श्वास सोडा, डोळ्यांकडे वारा आला तर नाकाची पट्टी पुन्हा दाबा. धुवायचा नाही, सॅनिटायझर मारायचा नाही, त्यातल्या धाग्यांचा विद्युतभार जातो आणि उरतं ते साधं फडकं. खोकणाऱ्या मुलाला मास्क देण्यापेक्षा घरी पाठवलेलं बरं, पण परीक्षेच्या आधी पालक ऐकत नाहीत, तेव्हा शिक्षकाने तरी लावावा.

गोवराचं वेगळं. रुग्ण निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत खोलीत लागण होऊ शकते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत उद्रेक झाला तेव्हा लसीकरण राहून गेलेली मुलं सापडली. ९ महिने आणि १६ ते २४ महिन्यांचे दोन डोस झालेत का, ते प्रवेशअर्जातच विचारा. फिल्टर त्याला पर्याय नाही.

आणि क्षय. विषाणू नाही, पण वाट तीच. गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींवरचा २०१८ चा अभ्यास वाचा : दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि क्षयाचे रुग्ण तिथेच जास्त. क्षयरोग्याबरोबर महिनोन्महिने एका खोलीत बसावं लागलं तर थोडासा वाराही मोठा फरक पाडतो.

मोजपट्टी | मंगळ, रात्री ९:१५

सगळं जुळवून बेरीज. मागे गल्लीकडे १२ इंची, ९०० फेऱ्यांचा एक्झॉस्ट, पुढे दारावर ३ बाय १ चं लूवर : १५० लिटर. दोन डबे मंद वेगावर : २४८. मिळून ३९८, माणशी १२.८. बॅच २५ ची केली तर माणशी १५.३. २५ च्या बॅचला वीस गाठायचे तर आणखी एखादा उपाय लागेल, किंवा डबे पूर्ण वेगावर आणि कानात बोळे.

दोन बॅचेसमधली पाच मिनिटं दहा करा. ३९८ लिटर म्हणजे तासाला जवळपास १७ वेळा. पाच मिनिटांत आधीच्या बॅचचे तीन-चतुर्थांश कण जातात, दहा मिनिटांत ९४ टक्के. त्या दहा मिनिटांत एसी बंद करू नका, पंखे आणि डबे तर नाहीच. वीज वाचवायला म्हणून शिपाई सगळं बंद करतो आणि मागच्या बॅचची हवा पुढच्या बॅचला तशीच मिळते. एक्झॉस्ट, डबे आणि दिवे एकाच स्विचवर घ्या, म्हणजे दिवे चालू तोवर हेही चालू.

निळी_छत्री | बुध, सकाळी ७:५०

फिल्टर कधी बदलायचे? नोव्हेंबरात बाहेरचा धूर-धूळ बघता महिन्यात काळे होतील.

जुगाडू_इंजिनिअर | बुध, सकाळी ८:३०

काळा झाला म्हणून फेकू नका, रंग फक्त काजळी दाखवतो. पहिल्या दिवशीची नऊ ठिकाणची सरासरी पंख्यावरच मार्करने लिहून ठेवा. ती चौथ्या हिश्श्याने घटली की बदला. थंडीत रोज आठ तास चालवलं तर सहसा चार ते सहा महिने जातात. पाण्याने साफ करू नका, मास्कसारखाच त्याचा विद्युतभार जातो. बाहेरून साधी नायलॉन जाळी गुंडाळा, केस आणि खडूची भुकटी तिच्यावर अडते, ती खुशाल धुवा.

काढताना तो मुलांसमोर झटकू नका. काळ्या पिशवीत घाला, तोंड बांधा, मग हलवा.